मनकर्णा मार्का

"आबाजी, मेलेल्या बाईनं इंजेक्शन कसं देल्लं, हे सांगा मले."

मयुरीने हा प्रश्न मिलच्या ऑफिसात, दारात उभी राहूनच विचारला. गुणवंतराव तेव्हा नव्या धानाचे दाणे दाताखाली धरून ओल तपासत होते. दाणा कटकन मोडला की धान वाळलेलं. दाताखालचा दाणा मोडला, पण कसा मोडला तिकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही.

"कोनती बाई?"

"मनकर्णा आत्याबाई. तुमची बहीण. तुम्ही मनले, सत्त्याऐंशीत गेली. नोटरीपुढं बसून सही केली तुम्ही. वकील आता मृत्यूचा दाखला मांगते, मनून मी नगर परिषदेत गेली. तिथचे झिंगूबाबू हासूनच राह्यले. मनले, काऊन वो पोरी, ती कायले मरते? मागच्या महिन्यात गडचिरोलीले माह्या बायकोले तिनंच तं इंजेक्शन टोचलं!"

गुणवंतरावांनी तोंडातला कोंडा थुंकला आणि नातीकडे न पाहता म्हणाले, "झिंगू दारू पेते."

"सकाळी अकरा वाजता नाई पेत."

आता हे मुळातून सांगायला हवं. ब्रह्मपुरीच्या पिलाऱ्यांच्या घरात एक नाव तोंडातून काढायला बंदी होती, आणि तेच नाव रोज शेदीडशे गोण्यांवर हिरव्या शाईत छापलं जात होतं. असं दुसरं घर दाखवा, मी हरलो! वारलूजी पिलाऱ्यांनी धान कांडायची मिल टाकली तेव्हा त्यांची लेक पाळण्यात होती. म्हणून मिल मनकर्णा आणि तांदूळही मनकर्णा. लेक एकवीस वर्षांची झाली, नर्सचं शिकली आणि अश्वजित रामटेके नावाच्या मास्तरशी कोर्टात लग्न करून गडचिरोलीला निघून गेली. पिलाऱ्यांनी तेराव्या दिवशी तिची तेरवी घातली. गाव जेवलं. एक हंगाम गोण्यांवर 'पिलारे राईस' छापून पाहिलं, तर दुकानदारांनी माल परत पाठवला. शेवटी नाव परत आलं, पोरगी आली नाही. घरात त्या नावाऐवजी 'मार्का' म्हणायची रीत पडली. मार्क्याच्या गोण्या उचलल्या का? मार्क्याची शाई आली का? मयुरी हे ऐकतच मोठी झाली. तिला वाटायचं, आपल्या धंद्याचीच ही भाषा असेल.

गेल्या वर्षी रायपूरच्या एका व्यापाऱ्याने हुबेहूब तशाच हिरव्या अक्षरात मनकर्णा तांदूळ विकायला काढला. मयुरी बी.कॉम. झालेली, घरात कॉम्प्युटर तिलाच येतो. तिनेच नागपूरचा वकील गाठला आणि मार्क्याच्या नोंदणीचा अर्ज केला. तांदळाचा वर्ग तीस, वापर कधीपासून तर सदुसष्टपासून, पुराव्याला जुनी बिलं आणि गोणीचे फोटो. मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसातून तपासणीचा अहवाल आला. त्यात एकच आक्षेप: हे एखाद्या व्यक्तीचं नाव दिसतं. ती व्यक्ती जिवंत असेल तर तिची लेखी संमती द्या, वीस वर्षांच्या आत वारली असेल तर वारसांची द्या. उत्तराला एक महिना. गुणवंतरावांनी विचार न करता सांगून टाकलं, जाऊन अडतीस वर्षं झाली. म्हणजे संमतीचा प्रश्नच मिटला. मयुरीने शपथपत्र टाईप केलं, आजोबांनी सही केली. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंही नाही. त्यांनी त्या बहिणीसाठी डोकं भादरलं होतं, वडे-भात वाढला होता. माणूस आणखी कसा मरतो?

आता मुदतीचे तीन दिवस उरले होते.

प्रवीण, गुणवंतरावांचा मुलगा, हमालांना शिव्या घालत आत आला. पोरीचं सगळं ऐकून खुर्चीत बसला.

"तुमाले माहीत होतं, बाबा?" मयुरीने विचारलं.

"मले सहा वर्षं होते तेव्हा. घरात बोलत नाई, तं मी बी नाई बोललो." प्रवीणने मान खाजवली. "पाय, शपथपत्र तयार आहे ना? दे पाठवून. मुंबईले कोन बसलं आहे ब्रह्मपुरीची बाई जिती का मेली पाहाले?"

"बाबा, पास झाल्यावर ते जर्नलमध्ये छापते. तिथून चार महिने कोनी बी हरकत घेऊ शकते. रायपूरवाला टपूनच बसला आहे. त्याले कळलं का बाई जिती आहे, तं मार्का बी गेला अन् आबाजी बी गेले खोट्या शपथेत."

"मंग नाव बदल."

"अन् गोण्या परत आल्या तं?"

"मंग संमतीवर तिची सही तूच मार! कोन पाह्यते?"

"मी नाई मारत. अन् तुम्ही मारली तं मी वकिलाले सांगीन."

बापलेक असे भिडलेले असताना बायनाबाई डबा घेऊन आल्या. गुणवंतरावांची बायको, वय सत्तर, उभ्या जन्मात मिलच्या ऑफिसात तोंड न उघडलेली. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "पत्ता माह्याजवळ आहे."

मिलचा पट्टा तेवढा फडफडत होता.

"गडचिरोलीले, सरकारी कॉम्प्लेक्सच्या मागं. तिसरी गल्ली, निळं फाटक."

*

गाडी आरमोरीच्या पुढे आली तरी गुणवंतराव बायकोशी बोलले नव्हते. बायनाबाई मागच्या सीटवर मयुरीजवळ बसल्या होत्या. कडेच्या शेतांत धानाचे पुंजणे रचून ठेवले होते. बायनाबाईंना वाटत होतं, ओरडायचं तर एकदा ओरडून घ्या, मोकळं व्हा.

"कधी भेटली?" शेवटी पुढच्या सीटवरून आवाज आला.

"माहं ऑपरेशन झालं तेव्हा. सरकारी दवाखान्यात."

"त्याले सोळा वर्षं झाले."

"हो."

"अन् तू मले आज सांगते!"

"तुम्ही कधी इचारलं?" बायनाबाईंचा आवाज चढला आणि त्या स्वतःच दचकल्या. पण निघालेलं बोलणं आता थांबेना. "आठ दिवस तिनंच केलं माहं सगळं. माहे केस धुतले, मले शौचाले नेलं. आपली सून आली होती का? नाई. तिचे लेकरं लहान. तुमची बहीण आली. मनली, वहिनी, दादाले नका सांगू, तो मले इथी पाह्यला तं तुमाले घरी नेईन."

गुणवंतरावांनी मान वळवली नाही. "मी तं रोज येऊन बसत होतो तिथी. संध्याकाळी."

"हो. तुम्ही आले का ती वऱ्हांड्यात जाये. तुमच्या पाठीशीच भिंत होती, तिच्या पलीकडं. तुम्ही गेले का येऊन इचारे, दादा वाळला का वो? खोकून राह्यला होता, औषध घेते का?"

प्रवीणने गाडी जरा हळू केली.

बायनाबाईंना आणखीही सांगायचं होतं, पण ते नवऱ्याला नव्हे. तेरवीचे वडे त्यांनीच तळले होते. नणंद जिवंत आहे हे ठाऊक असून परातभर वडे तळले. एकाही बाईने हात आखडता घेतला नाही आणि सासरे मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसून होते. त्यांना कोणी ताट नेऊन दिलं नाही. आपण एकदा जरी म्हटलं असतं, की बाप्पा, जित्या पोरीचं काय करता हे! म्हटलं नाही. ते त्यांना अडतीस वर्षं खात आलं होतं. त्यांनी मयुरीचा हात धरला. पोरीने सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

*

प्रवीणचा हिशेब साधा होता. मार्का हातचा गेला तर पुढच्या हंगामात दुकानदार रायपूरचा माल उचलतील, मिलमधली चौदा माणसं घरी बसतील. बाकी रडणंभेकणं मागाहून करता येतं. म्हणून गडचिरोलीत शिरताना त्याने बजावलं, "बाबा, माफी-बिफी नंतर. आधी सही. तुम्ही जास्त बोलूच नका. मी बोलतो."

"आत्याबाईचं तुमाले काही आठवते का, बाबा?" मयुरीने मागून विचारलं.

"नाई," प्रवीण म्हणाला.

आठवत होतं. ती त्याला खांद्यावर बसवून मिलच्या कोंड्याच्या ढिगावर फेकायची, आणि तो 'अजून, अजून' म्हणायचा. ती गेल्यावर त्याने महिनाभर विचारलं होतं, आत्या कुठी गेली? एक दिवस बापाने कानाखाली वाजवली, तेव्हापासून बंद. आज चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला त्या कोंड्याची खाज आठवली आणि त्याने उगाच हॉर्न वाजवला.

*

निळं फाटक अश्वजित रामटेक्यांनी उघडलं. पांढरे केस, स्वेटर, हातात वर्तमानपत्र. त्यांनी चौघांना ओळखलं असावं, कारण कोण म्हणून विचारलं नाही.

"जय भीम. या, आत या."

"जय भीम, गुरुजी," बायनाबाई म्हणाल्या. गुणवंतरावांनी हात जोडले. काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा गुरुजी पाणी आणायला आत गेले होते.

खोली नीटनेटकी होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एका मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो. गुणवंतराव त्या फोटोकडे पाहत राहिले. नाक पिलाऱ्यांचंच होतं. आपल्याला भाची आहे, ती शिकली, मोठी झाली, कुठेतरी नोकरीला असेल, आणि आपल्याला तिचं नाव माहीत नाही.

मनकर्णा आली. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, गुडघ्यांनी त्रासलेली चाल. गुणवंतरावांच्या डोक्यात ती एकवीस वर्षांचीच राहून गेली होती. ही तर म्हातारी बाई! ती बायनाबाईंच्या गळ्याला लागली, मयुरीच्या गालावरून हात फिरवला, प्रवीणला म्हणाली, "पवन्या, किती जाडा झाला रे!" आणि प्रवीण वाकून तिच्या पाया पडला. मग ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"बसा," ती भावाला म्हणाली. "कसे आहात तुम्ही?"

लहानपणी ती त्याला 'तू' म्हणायची. भांडताना तर 'गुण्या' म्हणायची आणि मार खायची.

प्रवीणने घसा खाकरला. ठरल्याप्रमाणे त्याने सुरुवात केली: रायपूरचा व्यापारी, अर्ज, अहवाल, तीन दिवस. मनकर्णा मन लावून ऐकत होती.

"म्हंजे माह्या नावासाठी माही परवानगी पायजे," ती म्हणाली.

"हो आत्या. फक्त एक सही."

"मंग एवढे दिवस काय करून राह्यले होते? महिना देते ना ते लोक?"

गुणवंतरावांनी कोटाच्या खिशात हात घातला.

"बाबा!" प्रवीण पुटपुटला.

त्यांनी ऐकलं नाही. घडी केलेलं शपथपत्र काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. "हे पाय. तुले दाखवल्याशिवाय मले सही मांगता येत नाई. मी लिहून देल्लं होतं, का तू मेली."

मनकर्णेने चष्मा वर केला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. शांतपणे वाचला, खालचा शिक्काही वाचला.

"चौदा मे," ती म्हणाली. "तारीख बराबर लिहिली तुम्ही. आमच्या लग्नाची आहे."

"मनकर्णे, माहं चुकलं." इतक्या वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं. "बाबांची इच्छा नव्हती. बाबा मनत होते, जाऊ दे, पोरगी सुखी राहो. तेरवीचं माह्याच डोक्यात भरलं होतं. गाव हासते मनून. मीच केलं सगळं."

"मले माहीत आहे."

"कोनं सांगतलं?"

"तुम्हीच." तिने कागद खाली ठेवला. "मी त्याच महिन्यात ब्रह्मपुरीले आली होती, माहे शाळेचे कागद न्यायले. बसस्टँडवर तुम्ही दिसले. डोकं भादरलेलं. मले वाटलं, बाबा गेले. माह्यापाई गेले. मी धावत आली, तुमचा हात धरला, रडत मनली, दादा, बाबा कधी गेले रे? आठवते का, काय मनले तुम्ही?"

गुणवंतरावांना आठवत होतं. बसस्टँडवरचा रसवंतीचा गाडा, तिची पिवळी साडी, सगळं आठवत होतं.

"तुम्ही मनले, बाबा चांगले आहे. माही बहीण मेली. अन् हात सोडवून गेले."

आतून कप मांडल्याचा आवाज आला. मयुरीच्या डोळ्यांना धार लागली होती. बायनाबाई पदर तोंडावर धरून बसल्या होत्या.

"अन् बाबा खरंच गेले, तेव्हा कोनी कळवलं नाई," मनकर्णा म्हणाली. "मले दुकानदारानं सांगतलं. मनकर्णा तांदूळ दोन दिवस येणार नाई बाई, मिलचा मालक वारला. मी पिशवी घेऊन तशीच उभी. बाप गेल्याचं मी किराण्याच्या दुकानात ऐकलं."

"तू आपलाच तांदूळ घेते?" प्रवीणच्या तोंडून निघून गेलं.

"मंग दुसरा कोनता घेऊ? बाबांनी माह्या नावानं काढला तो."

गुरुजी चहा घेऊन आले. त्यांनी सगळ्यांना दिला, गुणवंतरावांच्या हातात कप नीट बसला की नाही ते पाहिलं आणि बायकोच्या शेजारी बसले. एका शब्दाने ते मध्ये पडले नाहीत. त्या माणसाला 'जय भीम' म्हणायला आपली जीभ उचलली नाही, याची गुणवंतरावांना फार लाज वाटली.

"आण वो पोरी, कुठी सही करायची?" मनकर्णा म्हणाली.

मयुरीने डोळे पुसले आणि फाईलमधून संमतीपत्र काढलं. प्रवीणचा चेहरा उजळला. गुणवंतरावांनाही वाटलं, की सुटलो. ती रागावली, बोलली, आता सही करते आहे. म्हणजे माफ करते आहे. यापुढे येणंजाणं होईल, भाचीचं नाव विचारू, उन्हाळ्यात हिला मिलवर नेऊ, बाबांची खुर्ची दाखवू. एवढ्यात त्यांच्या मनाने उन्हाळा गाठलासुद्धा.

मनकर्णेने कागद मोठ्याने वाचला. "मी, मनकर्णा अश्वजित रामटेके, राहणार गडचिरोली, अर्जदार श्री. गुणवंतराव वारलूजी पिलारे यांची सख्खी बहीण, याद्वारे संमती देते की..."

ती थांबली. गुरुजींच्या खिशातलं पेन काढलं. 'यांची सख्खी बहीण' या शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली. दवाखान्यात पस्तीस वर्षं काढलेली बाई, खाडाखोड कशी करायची ते तिला पक्कं ठाऊक होतं. रेघेच्या बाजूला तिने छोटी सही केली, तारीख घातली. मग खाली पूर्ण सही केली आणि कागद मयुरीकडे दिला.

"आत्याबाई..." मयुरी म्हणाली.

"नाव बाबांनी देल्लं होतं बेटा. ते मिलचं आहे, तुमच्याचकडे राहू दे. रायपूरवाल्यानं काऊन न्यावं? माह्याकडून कधीच हरकत नाई." ती भावाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुसरं मी लिहून देऊ शकत नाई. ते खोटं होईन. अन् मी खोट्यावर सही नाई करत."

गुणवंतरावांनी कप खाली ठेवायला टीपॉय शोधला. गुरुजींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"वकिलाले इचारून घे," प्रवीण हळूच म्हणाला. "खोडलेलं चालते का?"

मयुरीने कागदाचा फोटो पाठवला आणि फोन लावला. गडबडीत स्पीकर चालू झाला तो तिला कळलाही नाही. पलीकडे वकील घाईत होता.

"पाहिलं, पाहिलं. खोडलंय तिथं सही आहे ना? मग काही अडचण नाही. नात्याशी ऑफिसला काही देणंघेणं नसतं हो. नाव वापरायची संमती हवी होती, ती आहे. मी आजच उत्तर टाकतो. तुमचं काम झालं."

"झालं!" प्रवीणने श्वास सोडला.

"नाई, नाई," गुणवंतराव उठून उभे राहिले. फोन मयुरीच्या हातात होता, त्याच्याकडे पाहूनच ते बोलू लागले. "साहेब, तसं नाई चालत. बिना नात्याचं कसं चालन? तुम्ही मुंबईवाल्याईले इचारा. नातं लिहा लागते मनून सांगा तिले. साहेब, तुम्ही सांगा तिले, लिहा लागते..."

फोन कधीच बंद झाला होता. मयुरी मान खाली घालून संमतीपत्र फाईलमध्ये लावत होती. मनकर्णेने रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि ती आत गेली.